क्लायंटच्या जागेवर काय घालून जावे: स्वतंत्र कंत्राटदारांसाठी पोशाख-नियमांचे सविस्तर मार्गदर्शन

कंपनीत नोकरीला लागलेल्या माणसाला रुजू होण्याच्या दिवशीच एचआरकडून पोशाखाचे धोरण मिळते. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या माणसाला मात्र ते बहुतेक वेळा गेटवरच्या सुरक्षारक्षकाच्या तोंडून कळते, आणि तेही त्याची नजर पायांतल्या चपलांवर गेल्यानंतर. पुण्यातल्या एखाद्या आयटी कंपनीत सहा महिन्यांच्या प्रकल्पावर बसणारा फ्रीलान्स प्रोग्रामर असो, चाकणच्या कारखान्यात पॅनल दुरुस्तीला जाणारा वीज-कंत्राटदार असो, की मुंबईतल्या कार्यालयांत जाऊन प्रशिक्षण देणारी सल्लागार असो, या सर्वांपुढे प्रश्न एकच असतो: क्लायंटने कपड्यांविषयी सांगितलेले किती ऐकायचे, आणि कुठे थांबून ‘हे करारात लिहून द्या’ असे म्हणायचे?

या प्रश्नाची सारी उकल एका कसोटीत आहे. सांगितलेला नियम त्या जागेचा आहे, की त्या जागेवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या ताब्यातला दाखवण्याचा आहे, हे आधी पाहावे. जागेचा नियम विनातक्रार पाळावा. दुसऱ्या प्रकारचा नियम आला, तर त्याची किंमत, मुदत आणि जबाबदारी लेखी ठरल्याशिवाय तो अंगावर चढवू नये. पुढच्या पायऱ्या याच कसोटीवर आधारलेल्या आहेत.

पहिली पायरी: आपले नाते नेमके कोणते, ते ठरवा

‘कंत्राटावर आहे’ हे शब्द आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या माणसांसाठी वापरले जातात. एक माणूस लेबर कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो. तो त्या कंत्राटदाराचा कामगार असतो आणि गणवेश, सुरक्षासाधने, सुट्टी या सगळ्याबाबत त्याला कामगार कायद्यांचे संरक्षण असते. दुसरा माणूस स्वतःच्या नावाने कोटेशन देतो, स्वतःच बिल काढतो, एकाच वेळी तीन क्लायंट सांभाळतो आणि काम कसे करायचे हे स्वतः ठरवतो. हा लेख या दुसऱ्या माणसासाठी आहे. तुम्ही पहिल्या गटातले असाल, तर पोशाखाचा प्रश्न तुमच्या कंत्राटदाराकडे न्यावा. तुम्हाला सुरक्षासाधने पुरवणे हे मुख्यतः त्याचे काम आहे.

करारावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असे छापले म्हणजे विषय संपला, असे भारतीय न्यायालये मानत नाहीत. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात 1956 मध्ये मीठ पिकवणाऱ्या अगरियांना सर्वोच्च न्यायालयाने कामगार ठरवले, तेव्हा कामाच्या पद्धतीवर मालकाचे नियंत्रण किती, हा मुद्दा मध्यवर्ती होता. पुढे 1973 मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या प्रकरणात निर्णय आला. तिथले शिंपी नगावर पैसे घेत, त्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा सैल होत्या, काही जण कापड घरी नेऊन शिवत. तरीही शिलाई यंत्रे दुकानाची होती आणि काम पसंत न पडल्यास ते उसवून पुन्हा करायला लावण्याचा हक्क मालकाकडे होता, म्हणून न्यायालयाने त्यांना कर्मचारी मानले. थोडक्यात, नियंत्रण, साधनांची मालकी, धंद्यातल्या नफ्या-तोट्याचा धोका कोणावर, अशा अनेक धाग्यांनी हे नाते ठरते. केवळ गणवेश घातला म्हणून कोणी नोकर होत नाही. परंतु त्या धाग्यांपैकी गणवेश हा डोळ्यांना लगेच दिसणारा धागा आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी: नियमामागचे कारण शोधा

हीच खरी महत्त्वाची पायरी. क्लायंटचा पोशाख-नियम हाती आला की त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘का?’ लिहावे. उत्तर बहुधा चार ठिकाणांहून येते.

पहिले उत्तर सुरक्षिततेचे. इथे वाद घालू नये. बांधकामाच्या जागेवर आणि कारखान्यात हेल्मेट, सेफ्टी शूज, चमकणारे जॅकेट यांना पर्याय नसतो. खरेदी करताना भारतीय मानकांचे क्रमांक पाहून घ्यावेत: औद्योगिक हेल्मेटसाठी आयएस 2925, सेफ्टी शूजसाठी आयएस 15298, उंचीवरच्या कामाच्या पट्ट्यासाठी आयएस 3521. रस्त्याच्या कडेला मिळणारी पिवळी टोपी दिसायला हेल्मेटसारखीच असते. गेटवर ती खपून जाते, पण वरून पाना पडला की तिचा उपयोग नसतो. चालू विजेच्या पॅनलवर काम करणाऱ्याने पॉलिएस्टरचा शर्ट घालू नये, कारण ठिणगीचा भडका उडाला तर कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. सुती कापड त्या मानाने बरे, आणि मोठा धोका असेल तिथे त्यासाठीचाच ज्वालारोधक पोशाख लागतो. अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ हे सगळे खिशात नव्हे, घरीच ठेवावे.

दुसरे उत्तर मालाचे. बाहेरून येणाऱ्याला हा नियम अनेकदा विचित्र वाटतो. मोटारींच्या पेंट शॉपमध्ये जाणाऱ्याला ‘डिओडरंट लावून येऊ नका, केसांना जेल नको’ असे सांगतात, तेव्हा नवखा माणूस हसतो. पण अशा प्रसाधनांत सिलिकॉन असते आणि त्याचा अंशही हवेतून किंवा हातातून ओल्या रंगावर गेला, तर रंग त्या ठिपक्याभोवती मागे सरतो आणि पत्र्यावर माशाच्या डोळ्यासारखा खड्डा उमटतो. मग तो भाग घासून पुन्हा रंगवावा लागतो. असेंब्ली लाइनवर पट्ट्याचे बक्कल आणि शर्टाची बटणे झाकलेली असावी लागतात, कारण वाकून काम करताना दारावर ओरखडा उठतो. औषधनिर्मितीच्या स्वच्छ कक्षात दाढी झाकणारी जाळी, मेकअपला बंदी आणि गाऊन चढवण्याचा ठरलेला क्रम असतो. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात डोके झाकणे, दागिने आणि नखांचा रंग टाळणे हे अन्नसुरक्षेच्या नियमांतच आहे. हे सगळे जागेचे नियम. तिथे कंपनीचा संचालक आला तरी त्यालाही तेच करावे लागते, आणि तीच या नियमांची ओळख आहे.

तिसरे उत्तर कायद्याचे किंवा व्यवसायाच्या नियामक संस्थेचे. वकील हा स्वतंत्र व्यावसायिकच. पण न्यायालयातला काळा कोट आणि पांढरे बँड त्याला पक्षकार सांगत नाही, 1961 च्या अधिवक्ता कायद्याखालचे नियम सांगतात. उलट दिशेचे उदाहरणही आहे: खासगी सुरक्षा संस्थांविषयीच्या 2005 च्या कायद्यानुसार सुरक्षारक्षकाने लष्कर किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा पोशाख घालणे हा गुन्हा आहे. म्हणून सुरक्षेचे काम घेणाऱ्या छोट्या कंत्राटदाराने क्लायंटच्या हौसेखातर खाकी कपडा आणि खांद्यावर तारे शिवून घेऊ नयेत.

चौथे उत्तर उरते ते दिसण्याचे. त्यातही दोन पदर आहेत. ‘कार्यालयात टी-शर्ट आणि चप्पल चालत नाही’ हा साधारण शिष्टाचाराचा नियम पाहुण्यालाही लागू असतो, तो पाळावा. परंतु ‘आमच्या लोगोचा पोलो टी-शर्ट रोज घाला, शुक्रवारी जीन्स, सणाच्या दिवशी ठरलेला रंग, आणि न घातल्यास गैरहजेरी’ इथपर्यंत गोष्ट आली, की तो नियम जागेचा राहत नाही.

तिसरी पायरी: पहिल्या फेरीआधी विचारून घ्या

फोनवर विचारलेले कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर चार ओळी पाठवाव्यात. ज्याने काम दिले त्याच्याऐवजी शक्यतो जागेवरच्या सुरक्षा अधिकाऱ्याला किंवा प्रशासन विभागाला विचारावे, कारण खरेदी विभागातल्या साहेबांना शॉप फ्लोअरवर काय लागते याची पुष्कळदा कल्पना नसते. मजकूर असा असू शकतो:

‘नमस्कार सर. सोमवारी ओव्हन पॅनलच्या कामासाठी मी आणि माझा एक मदतनीस येत आहोत. आमच्याकडे आयएसआय हेल्मेट, सेफ्टी शूज आणि सुती कपडे आहेत. याखेरीज त्या भागात काही लागते का? मोबाइल, घड्याळ किंवा अन्य वस्तूंवर बंदी आहे का? काही साधने गेटवर मिळणार असतील, तर आमचे मोजे-बुटांचे माप आठ आणि नऊ आहे.’

बुटांचे माप लिहिण्याचे कारण असे की पाहुण्यांसाठी ठेवलेले बूट बहुतेक ठिकाणी मोजक्याच मापांत असतात, आणि घट्ट बुटांत दिवसभर शिडीवर उभे राहणे ही शिक्षा असते. काही ठिकाणी स्वतःच्या बुटांवर चढवायची पोलादी टोपी देतात. ती अर्ध्या तासाच्या फेरफटक्याला ठीक, कामाला नाही.

कार्यालयीन कामासाठी प्रश्न वेगळा असतो. ‘ड्रेस कोड काय आहे?’ असे विचारल्यास ‘स्मार्ट कॅज्युअल’ असे उत्तर येते आणि त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी ‘तुमच्या टीममधले लोक साधारण काय घालतात, आणि त्या दिवशी तुमचे बाहेरचे ग्राहक येणार आहेत का?’ असे विचारावे. दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर अधिक उपयोगी पडते. व्हिडिओ बैठकीलाही हेच लागू आहे.

चौथी पायरी: करारात दोन-तीन वाक्ये घालून घ्या

छोट्या कामांत करार म्हणजे पर्चेस ऑर्डर आणि तिच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांतल्या अटी. त्या वाचाव्यात. ‘कंत्राटदार कंपनीची सर्व धोरणे पाळील’ अशी एक सरसकट ओळ तिथे असते, आणि त्या ‘सर्व’मध्ये उद्या गणवेश, हजेरी, रजेचा अर्ज असे काहीही येऊन बसू शकते. ती ओळ पुढीलप्रमाणे बदलून मागावी:

‘कंत्राटदार कंपनीच्या जागेवर असताना त्या जागेला लागू असलेले सुरक्षा, स्वच्छता व प्रवेशविषयक नियम पाळील. विशेष सुरक्षासाधने आवश्यक असल्यास ती कंपनी पुरवील किंवा त्यांचा खर्च बिलात स्वतंत्रपणे मान्य करील. कंपनीचे बोधचिन्ह असलेला पोशाख घालणे कंत्राटदारास बंधनकारक राहणार नाही. उभयपक्षी संमतीने तो वापरल्यास त्याचा खर्च कंपनी करील आणि त्यावरून नोकर-मालक संबंध गृहीत धरला जाणार नाही.’

शेवटच्या वाक्यावर फार विसंबू नये, हेही सांगितले पाहिजे. प्रत्यक्षातले वागणे कराराच्या विरुद्ध असेल, तर न्यायालय कागदापेक्षा वागणे पाहते. तरीही हे वाक्य असण्याचा फायदा आहे: उद्या नवा व्यवस्थापक येऊन टी-शर्टांचा गठ्ठा पुढे करतो, तेव्हा बोलायला आधार मिळतो. वकिलाकडून करार तपासून घेण्याइतके मोठे काम असेल, तर हा परिच्छेद त्यांना दाखवून आपल्या कामाप्रमाणे बेतून घ्यावा.

पाचवी पायरी: कपाटातली तयारी

यावर फार लिहिण्याची गरज नाही. फिरत्या सल्लागाराला फिक्या रंगाचे तीन शर्ट किंवा कुर्ते, दोन गडद पँटी किंवा सलवारी आणि एक बंद बुटांचा जोड एवढ्यावर बहुतेक कार्यालये निभतात. साडी नेसणाऱ्या सल्लागार बाईंना कार्यालयात काहीच अडचण नसते. मात्र त्याच कामात कारखान्याची फेरी असेल तर पदर, ओढणी आणि मोकळे केस फिरत्या यंत्राजवळ धोक्याचे असतात, म्हणून त्या दिवसासाठी पँट-कुर्ता आणि बांधलेले केस ठरवून टाकावे. मुंबईच्या लोकलमधून दमट हवेत येणाऱ्याने एक जादा शर्ट बॅगेत ठेवावा, आणि पावसाळ्यात बूट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन पायांत सँडल घालून यावे. लॉबीत पोहोचल्यावर बदलावे. जॅकेट किंवा टाय विकत घेण्याआधी एक फेरी नुसती पाहून यावे.

स्वतःच्या फर्मचे नाव छापलेला साधा शर्ट मात्र जरूर करून घ्यावा. गावातल्या भरतकामवाल्याकडे खिशावर नाव टाकून मिळते. आपल्या नावाचा शर्ट घातलेला माणूस गेटवर, कँटीनमध्ये आणि छायाचित्रांतही स्वतंत्र व्यावसायिक म्हणून दिसतो, आणि ‘आमचा टी-शर्ट घाला’ ही मागणी पुष्कळदा तिथेच विरते.

सहावी पायरी: तरीही लोगोचा आग्रह झाला तर

अमेरिकेतले एक प्रकरण इथे मुळातून समजून घेण्यासारखे आहे. फेडेक्स ग्राउंड ही कंपनी आपल्या वाहनचालकांना स्वतंत्र कंत्राटदार म्हणत असे. गाड्या चालकांनी स्वतःच्या पैशाने घ्यायच्या, इंधन त्यांचे, देखभाल त्यांची. पण गणवेश कंपनीचा, केस-दाढी कशी असावी याची अट कंपनीची, आणि गाडीचा पांढरा रंगही कंपनीने सांगितलेल्या छटेचाच. कॅलिफोर्नियातल्या चालकांच्या दाव्यात संघराज्याच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने ऑगस्ट 2014 मध्ये त्यांना कर्मचारी ठरवले, आणि दिसण्यावरचे हे बारकाईचे नियंत्रण हा त्या निकालातला एक ठळक मुद्दा होता. पुढच्या वर्षी कंपनीने 22.8 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण त्यातला युक्तिवाद क्लायंटसमोर मांडण्यासाठी उत्तम आहे.

कारण गणवेशाच्या आग्रहात क्लायंटलाही धोका असतो, हे त्याच्या लक्षात आणून देणे हीच वाटाघाटीची योग्य सुरुवात. त्याच्या लोगोच्या शर्टात तुम्ही ग्राहकाच्या घरी गेलात आणि काही शब्द देऊन बसलात, तर ग्राहक तुम्हाला कंपनीचा प्रतिनिधी समजणारच. आपल्या वागण्याने असा समज होऊ देणाऱ्या मालकावर बंधन येऊ शकते, असे भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 237 सांगते. म्हणून ‘मला घालायचे नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘यात तुमच्यावर जबाबदारी येते, तुमच्या विधी विभागाला एकदा विचारा’ असे म्हणावे. पुष्कळ ठिकाणी पुढचे संभाषण फारच मवाळ होते. मधला मार्ग म्हणून ओळखपत्र सुचवावे: वेगळ्या रंगाचा लॅनयार्ड (गळ्यात अडकवायची पट्टी), कार्डावर तुमचे नाव, तुमच्या फर्मचे नाव आणि ‘कंत्राटदार’ हा शब्द. सुरक्षेची गरज त्याने भागते.

कधी कधी मात्र गणवेश घालणे रास्तच असते, उदाहरणार्थ सोसायटीतल्या दारोदार भेटींसाठी, जिथे अनोळखी माणसाला रहिवासी दार उघडत नाहीत. तिथे नाही म्हणू नये. किती शर्ट, कोणाच्या खर्चाने, धुलाई कोणाची, परत कधी द्यायचे, एवढे लिहून घ्यावे. ॲपवरून काम घेणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांना यातला वाटाघाटीचा वाव जवळजवळ नसतो, ही वस्तुस्थिती आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार ही वेगळी ओळख कायद्यात आणली. तिची व्याख्या त्यांना पारंपरिक नोकर-मालक नात्याच्या बाहेरच ठेवते.

सातवी पायरी: नियम बोचरा असेल तर

पगडी, हिजाब, मंगळसूत्र, दाढी, जानवे यांपैकी कशावर बोट ठेवले गेले, तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर यावे आणि कारण विचारावे. सुरक्षेचे कारण खरे असेल तर बहुधा तांत्रिक तोड निघते: मंगळसूत्र गळ्याबंद कपड्याच्या आत, हिजाबची टोके आत खोचून, दाढीला जाळी. पगडी घालणाऱ्या शिखांना दुचाकीवर मोटार वाहन कायद्याने हेल्मेटमधून सूट आहे, पण तीच सूट कारखान्यात आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये. आधी लेखी विचारावे आणि तो भाग टाळून काम करता येते का ते पाहावे.

कपड्यांच्या निमित्ताने स्त्रीच्या शरीरावर शेरेबाजी झाली, तर तो पोशाखाचा प्रश्न उरत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा तक्रारदार स्त्री त्या कंपनीची नोकर असलीच पाहिजे असे म्हणत नाही. त्यामुळे बाहेरून आलेली सल्लागारही क्लायंटच्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी तक्रार करू शकते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे.

बरोबर माणसे नेत असाल तर

तुम्ही दोन मदतनीस घेऊन गेलात की त्यांच्यापुरते तुम्ही मालक झालात. मग वर लिहिलेले सारे उलट्या बाजूने लागू होते. त्यांचे बूट, हेल्मेट, हातमोजे तुम्ही घ्यायचे, आणि त्याचे पैसे रोजातून कापायचे नाहीत. सुरक्षेसाठी पुरवलेल्या गोष्टींचा खर्च कामगारावर टाकण्यास व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 मनाई करते. हातात साधन दिले की वहीत सही घ्यावी. मदतनीस बूट काढून चपला घालून काम करू लागला, तर त्याला काम थांबवायला सांगावे. क्लायंटचा सुरक्षा अधिकारी छायाचित्र काढतो तेव्हा नाव तुमच्या फर्मचे जाते.

हिशेब आणि परतफेड

सेफ्टी शूज, हेल्मेट, ज्वालारोधक कपडे यांची बिले फर्मच्या नावाने घेऊन धंद्याच्या खर्चात टाकावीत. कार्यालयात घालायचे साधे शर्ट-पँट खर्चात दाखवण्याचा मोह टाळावा. जे कपडे बाहेरही घालता येतात ते करअधिकाऱ्याच्या दृष्टीने वैयक्तिकच ठरण्याची शक्यता मोठी. ज्या व्यावसायिकांनी अनुमानित करपद्धत (एकूण जमेच्या ठरावीक टक्क्यांना उत्पन्न धरून कर भरण्याची पद्धत) घेतली आहे, त्यांना तसाही वेगळा खर्च वजा मिळत नाही, म्हणून त्यांनी साधनांची किंमत कोटेशनमध्येच स्वतंत्र ओळ म्हणून धरावी.

काम संपल्यावर ओळखपत्र, लॅनयार्ड, लॉकरची किल्ली आणि लोगो असलेले सर्व कपडे धुऊन परत करावेत आणि नगांसह पोच घ्यावी. अनामत दिली असेल तर शेवटच्या बिलासोबत तिची मागणी जोडावी. क्लायंटचा एखादा जुना शर्ट ‘राहू द्या तुम्हाला’ म्हणून मिळालाच, तर त्यावरचे बोधचिन्ह उसवून टाकावे किंवा तो घरातच वापरावा. दुसऱ्या क्लायंटच्या गेटवर तो घालून जाऊ नये.